मुंगूस चावलेला माणूस

कुत्रा चावलेल्या माणसाला लोक बसायला खुर्ची देतात. साप चावलेल्याला तर उचलून नेतात. मुंगूस चावलेल्याला मात्र सगळे एकच विचारतात, "का रे, तू काय साप आहेस?" हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला, अशी विचारणाऱ्याची प्रामाणिक समजूत असते. शेजाऱ्यांनी तो केला, ऑफिसात प्रत्येक मजल्यावर झाला, आणि कॅज्युअल्टीतल्या वॉर्डबॉयनेही माझ्यासाठी दार उघडता उघडता उरकून घेतला. मेहुण्याने फोनवर "मग जिंकलं कोण?" अशी पुरवणीही जोडली.

सांगण्यासारखं खरं तर फार काही नाही. जिन्याखालच्या अडगळीत पक्कड शोधायला मी हात घातला. तिथे मुंगूस होतं. त्याला बाहेर जायचं होतं आणि वाटेत माझा हात होता. प्रकरण इतकंच, पण ते इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगावं लागलं, की त्यात आपोआप भर पडत गेली. शेवटी शेवटी मुंगूस बरंच मोठं झालं होतं आणि माझा प्रतिकारही.

जखमेने मात्र कधीच साथ दिली नाही. उजव्या हाताच्या तर्जनीवर, मधल्या पेरापाशी, दोन बारीक भोकं. एकातून रक्ताचा थेंब आला होता, दुसऱ्यातून तोही नाही. कोणी "बघू" म्हटलं की बोट खिडकीकडे धरून, योग्य कोनात वळवून दाखवावं लागायचं. बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी, मग शोध आणि शेवटी निराशा असा प्रवास व्हायचा. "हे होय!" म्हणून माणूस कामाला लागायचा.

पण बायकोने "हे होय" म्हटलं नाही. तिने माझा हात धरून नळाखाली नेला आणि मोबाइलवर 15 मिनिटं लावली. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणाने विरघळतं, म्हणून जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने निदान पाव तास धुवायची, हा नियम तिला पाठ होता. पाव तास म्हणजे काय, ते एकच बोट साबण लावून धरल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या मिनिटाला बोट स्वच्छ झाल्याची माझी खात्री पटली. सातव्या मिनिटाला ते माझं आहे की नाही अशी शंका यायला लागली. दरम्यान शेजारच्या काकू जखमेवर चुना दाबायचा की तिखट, यावर दारात उभ्या राहून विचार करत होत्या. "काकू, काहीही लावायचं नसतं, जखम चिघळते," असं बायकोने सांगितल्यावर त्या थोड्या हिरमुसल्या. जाताना "निदान तेल?" असं विचारून गेल्या.

दिवस रविवार होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅज्युअल्टीतल्या टेबलावर एक मोठी वही होती. आत प्राण्यांचे रकाने: कुत्रा, मांजर, माकड, इतर.

"कोण चावलं?"

"मुंगूस."

पेन थांबलं. वहीपलीकडच्या बाईंनी मान वर करून आधी माझ्याकडे आणि मग खात्रीसाठी बायकोकडे पाहिलं. बायकोने मान डोलावली.

"पाळलेलं?"

"नाही हो."

"लसीकरण झालेलं?"

"माझं की त्याचं?"

"दोघांचं सांगा."

दोघांचंही झालेलं नव्हतं. "इतर"च्या रकान्यात बरोबरची खूण झाली आणि मी बाकावर जाऊन बसलो. शेजारी पोटरीला बँडेज बांधलेले एक गृहस्थ होते. कुत्र्याचे. रांगेत त्यांचा मान होता. त्यांनी मला मोठ्या भावाच्या नात्याने सल्ला दिला, "दहा दिवस लक्ष ठेवा त्याच्यावर. धडधाकट राहिलं तर पुढची इंजेक्शनं वाचतात."

हाच प्रश्न मी आत डॉक्टरांना विचारला. डॉक्टर वयाने माझ्या भाच्याएवढे होते आणि रात्रपाळीहून थेट आदल्या जन्मातून जागे असल्यासारखे दिसत होते. ते म्हणाले, दहा दिवसांचा हिशेब फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यापुरता. त्यांच्या लाळेत विषाणू उतरला की थोड्याच दिवसांत प्राणी आजारी दिसतो आणि मरतो. म्हणजे दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल, तर चावला तेव्हा लाळेत काही नव्हतं असं म्हणता येतं. जंगली प्राण्यांचं असं खात्रीचं वेळापत्रक कोणाकडे नाही, म्हणून तिथे वाट पाहत बसायचं नसतं. शिवाय लक्ष ठेवायचं तरी कसं? आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरून सकाळी एक मुंगूस जातं खरं, पण ते हेच की याचा चुलतभाऊ, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

मग त्यांनी वर्ग समजावले. धडधाकट कातडीला प्राण्याने नुसतं चाटलं तर पहिला वर्ग, धुऊन घरी जा. रक्त न येता ओरखडा उठला तर दुसरा, लस घ्या. दात कातडीच्या आत गेला, रक्त आलं, तर तिसरा. लसही घ्या आणि सीरमही. जंगली प्राणी असेल तर डॉक्टर घासाघीस करत नाहीत, थेट तिसराच धरतात. शाळेत ज्याने कधी पहिला वर्ग पाहिला नाही, त्याला तिसऱ्याचं दुःख नव्हतं. पण "सीरम" म्हणताना डॉक्टरांनी नजर माझ्या बोटावरून हलवली नाही, ते मला खटकलं.

"वजन किती?" त्यांनी विचारलं.

मी नेहमीचा आकडा सांगितला. बायको खोकली.

"अंदाज नको," डॉक्टर म्हणाले. "सीरम वजनावर ठरतं. माणसाच्या रक्तातून काढलेलं असेल तर किलोला 20 युनिट, घोड्याचं असेल तर 40. काट्यावर या."

काटा दाराशी होता आणि दार उघडं होतं. आयुष्यभर मी वजनाबाबत जे धोरण ठेवलं होतं, ते त्या लाल काट्याने बाकावरच्या सगळ्या मंडळींसमोर मोडीत काढलं. सिस्टरनी आकडा दोनदा मोठ्याने वाचला, एकदा डॉक्टरांसाठी आणि एकदा, मला वाटतं, आवडीने. कुत्रेवाल्या गृहस्थांनी "हं" म्हटलं.

लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडं बनवायला शिकवते, पण त्यात आठवडा-दीड आठवडा जातो. तोवर पहारा कोणी करायचा? म्हणून तयार प्रतिपिंडं थेट जखमेतच सोडतात. ते सीरम. कल्पना ऐकायला फार सुंदर आहे. अडचण अशी, की बोटात जागा नसते. दंडात सुई जाते तेव्हा आत मऊ काहीतरी असतं. बोटात कातडी, हाड आणि मधे सगळ्या जगाच्या संवेदना. सिस्टरनी हात टेबलाला दाबून धरला. सुई भोकाच्या कडेने शिरली, कातडी तटतटली, पांढरी पडली, आणि तेवढ्यात शेजारच्या, ज्यातून रक्तही आलं नव्हतं त्या दुसऱ्या भोकातून सीरमचा एक स्वच्छ थेंब वर आला. "बघा," डॉक्टर आनंदाने म्हणाले, "आतून जोडलेली आहेत." मीही शास्त्राच्या प्रगतीसाठी बघितलं. मग त्यांनी दुसऱ्या बाजूने सुई घातली, आणि मी असा काही आवाज काढला की बाहेर बाकावर शांतता पसरली.

थोडंसं सीरम गेलं आणि डॉक्टर थांबले. बोट जास्त फुगलं तर रक्तप्रवाह अडतो.

"आणि बाकीचं?" बायकोने विचारलं.

"बाकीचं नको. जखमेत मावेल तेवढंच."

"मग वजन कशाला केलं?"

"जास्तीत जास्त किती देता येतं, ते बघायला."

यावर मला बरंच बोलायचं होतं. पण सिस्टर लस घेऊन आल्या होत्या. मी सवयीने पाठ करून कंबरेला हात घातला, तर म्हणाल्या, "तिथे नाही. दंडात." कंबरेखालच्या चरबीत ही लस नीट लागू पडत नाही म्हणे. चावलं बोटाला आणि टोचलं दंडात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला ही म्हण ज्याने रचली, तो याच रांगेतून गेला असावा. वर धनुर्वाताचं एक वेगळंच. सीरम घोड्याचं असल्यामुळे अंगावर पित्त उठतं का बघायला अर्धा तास बसवून ठेवलं. तोवर बाकावर माझी पत वाढली होती. आवाजामुळे असेल.

मग कार्ड मिळालं. त्यावर आकडे: 0, 3, 7, 14, 28. घरी आल्यावर या आकड्यांवरून संध्याकाळ गेली. माझ्या मते आज पहिला दिवस. बायकोच्या मते आज शून्यावा. चावून, टोचून, फुगून झालेला दिवस धरायचाच नाही, हे मनाला पटत नव्हतं, पण कार्डावर शून्य छापलेलं होतं. शेवटी तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि बोट ठेवून मोजलं. तिसरा दिवस बुधवार. सातवा रविवार. चौदावा रविवार. अठ्ठाविसावा? रविवार. ओपीडी बंद, म्हणजे पुन्हा कॅज्युअल्टी, पुन्हा नवी माणसं, पुन्हा "मुंगूस", पुन्हा थांबलेलं पेन, पुन्हा "साप आहात का?" चावणाऱ्या प्राण्यांनी थोडा विचार करून शनिवारी चावावं. दुपारी बाराच्या आत.

रात्री काकांचा फोन आला. त्यांना लहानपणी कुत्रा चावला होता, आणि त्यांची चौदा इंजेक्शनं हा आमच्या घराण्याचा ठेवा आहे. रोज एक, पोटात.

"तुला किती?"

"पाच."

"पोटात?"

"दंडात."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग "मजा आहे तुमची" म्हणाले आणि फोन काकूंकडे दिला. काकांची लस म्हणजे डेव्हिड सेंपल यांनी 1911 च्या सुमारास कसौलीत तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली. ती भरपूर द्यावी लागे आणि पोटाच्या कातडीखाली भरपूर जागा असते, एवढंच त्या पोटाचं रहस्य. पण काकांना हे सांगून त्यांचा मोठेपणा कमी करायची माझी छाती झाली नाही.

झोप कुठली! बोट ठणकत होतं आणि हातात फोन होता. वाचू नये ते सगळं वाचलं. हा विषाणू रक्तातून धावत नाही. मज्जातंतूंतून सावकाश मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षही. पण एकदा दिसली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणजे सगळा खेळ त्याच्या आधी लस पोचवण्याचा. हे वाचून मी बोटाकडे पाहिलं. मग खांद्याकडे. मग मनातल्या मनात अंतर मोजलं. दुसऱ्या दिवशी हे एका सहकाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तू कशाला घाबरतोस? आधी त्याला तुझा मेंदू सापडायला हवा."

पाश्चरचंही वाचलं. 6 जुलै 1885 रोजी जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी लस टोचून घ्यायला लावली. स्वतः डॉक्टर नव्हते, म्हणून सुई दुसऱ्याच्या हातात. पिसाळलेल्या सशांचे मज्जारज्जू वाळवून केलेली ती लस, दहा-अकरा दिवसांत तेरा वेळा. पोरगा वाचला, आणि मोठेपणी पाश्चर संस्थेतच रखवालदार झाला. मग पहाटेकडे मुंगसांवर घसरलो. 1872 मध्ये जमैकातल्या एका मळेवाल्याने उसातले उंदीर मारायला हिंदुस्थानातून नऊ मुंगसं नेली. मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. गाठभेट व्हायची कशी? मुंगसांनी पक्ष्यांची अंडी खाल्ली आणि बेटामागून बेटं भरून टाकली. आज पोर्तो रिकोत रेबीज पसरवणारा मुख्य प्राणी मुंगूसच आहे. हे वाचल्यावर मला बायकोला उठवून सांगावंसं वाटलं. उठवलं. तिने पाच मिनिटं ऐकलं आणि मला दिवाणखान्यात झोपायला पाठवलं.

तिथे पडल्या पडल्या लक्षात आलं, की या एका बोटामागे आतापर्यंत मुंगूस, घोडा, मेंढी आणि ससा एवढे प्राणी येऊन गेले. ज्याचा काडीमात्र संबंध नाही असा एकच, आणि चौकशी नेमकी त्याचीच.

ऑफिसात कोणीतरी जलभीतीचं वाचून आलं. रेबीजच्या रुग्णाला पाणी गिळताना घशाला झटके येतात, नुसत्या पाण्यानेही धास्ती बसते. झालं! त्या दिवसापासून येता-जाता माझ्यापुढे पाण्याचा ग्लास. देणारा उभा राहून निरखणार. मी प्यायलो की मागे खूण करणार, "पितोय, पितोय." साहेबांनी मीटिंगच्या सुरुवातीला बाटली स्वतःहून माझ्याकडे सरकवली. पाणी तब्येतीला चांगलं असतं म्हणतात, पण मूतखडा नसताना एवढं कोणी पीत नसावं.

पुढच्या सुया काहीच नव्हत्या. चिमटा घेतल्याइतकं दुखायचं, दंड जरा जड व्हायचा, पथ्य शून्य. रविवार मात्र रविवारच राहिले. प्रत्येक वेळी वही नवी नसे, पण वहीपलीकडचं माणूस नवं असे. एका तरुण इंटर्नने तर पूर्ण हकीकत, दिनांक, वेळ आणि मुंगसाचं वर्तन लिहून घेतलं. "चिडलेलं होतं का?" मी म्हटलं, "घाईत होतं."

शेवटची सुई घेऊन उठलो, तर सिस्टरनी कार्डावर सही करून ते माझ्या नव्हे, बायकोच्या हातात दिलं. "जपून ठेवा. पुढच्या वेळी यांना सीरम नाही लागणार. दोनच डोस, शून्य आणि तीन."

"पुढच्या वेळी?" मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे लक्षही दिलं नाही. ती बोटांवर मोजत होती. "म्हणजे रविवारी चावलं," ती म्हणाली, "तरी बुधवारी मोकळे."