मजकूर अस्वीकार्य आहे

काल रात्री साडेअकरापासून पावणेदोनपर्यंत, म्हणजे तब्बल सव्वादोन तास, मी एका माणसाचे आडनाव टाइप करत होतो. तो अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये मी जमवलेल्या संघातला चौथा सेफ्टी आहे, म्हणजे बचावाच्या अगदी मागच्या फळीतला खेळाडू. पहिले तीन सेफ्टी एकाच दुपारी पाय मोडून घेतील तेव्हाच ज्याचा मैदानाशी संबंध येईल, असा चौथा. पंच्याऐंशी जणांपैकी चौऱ्याऐंशी जण तयार होते, सहा आठवड्यांचे काम संपायला एक नाव उरले होते, आणि ते नाव या गेमच्या संकेतस्थळाला मान्य नव्हते.

नाव होते हा हा क्लिंटन-डिक्स. अलाबामा विद्यापीठाचा, २०१३चा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक सर्वोत्तमांपैकी एक, २०१४ साली ग्रीन बे या व्यावसायिक संघाने खेळाडूनिवडीच्या पहिल्या फेरीत उचललेला. शनिवारी भर दुपारी, लेकराबाळांसह टीव्हीसमोर बसलेल्या अख्ख्या देशाला समालोचकांनी हे नाव खणखणीत आवाजात ऐकवले आहे. पुढे ते जर्सीच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत शिवले गेले आणि शेकडो डॉलरना विकले गेले. अमेरिकेत कोणालाही भोवळ आली नाही. या यंत्राला मात्र आली. चौकटीभोवती लाल रेघ उमटली आणि खाली बारीक अक्षरांत आले : ‘मजकूर अस्वीकार्य आहे.’

कोणता मजकूर, हे सांगायची पद्धत नाही. मला आधी वाटले, ‘हा हा’ वाचून यंत्राला आपली थट्टा होते आहे असे वाटले असावे, म्हणून मी त्याचे जन्मनाव घातले. त्यात स्वल्पविरामासारखे एक चिन्ह येते, तेही चालेना. मग आडनावातली रेघ काढली. मग रेघेच्या जागी मोकळी जागा सोडली. मग एका अक्षराच्या जागी एकचा आकडा घालून पाहिला, जे करताना माझी मलाच शरम वाटली, कारण असे आकडे घालून नावे लिहायचे वय सरून मला पंचवीस वर्षे झाली. ‘क्लिंटन’ एकटे चालत होते, म्हणजे दोष ‘डिक्स’चा, जे इंग्रजीत पुरुषाच्या अवयवाच्या गावठी नावासारखे ऐकू येते. पण क्लिंटन नावाचा सेफ्टी अलाबामाकडून खेळला नाही, आणि खोटेच लिहायचे असते तर मी सहा आठवडे कशाला घालवले असते? आठव्या प्रयत्नाला यंत्राने सांगितले की आपण बराच वेळ काही केले नाही, सबब आपल्याला बाहेर काढण्यात येत आहे. मी काही केले नाही! परत आत शिरलो तेव्हा जेवणानंतर भरलेले पाचही लाइनमनचे आकडे गेले होते. गतीपासून पकडीपर्यंत एकेका माणसाचे चाळीस-पन्नास आकडे असतात, आणि ते एकेक करून सरकपट्टीने भरायचे असतात, हे ज्यांनी भरले आहेत त्यांना माझे दुःख सांगावे लागणार नाही.

आणि विशेष म्हणजे, माझा पहिला सेफ्टी मलिक हूकर आहे. २०१६ साली सात इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणे), त्यांतली तीन थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे गोलरेषेपार, नेलेली. ‘हूकर’ या आडनावाला, ज्याचा इंग्रजीत अर्थ वेश्या होतो, यंत्राने हूं की चूं केले नाही. म्हणजे या नीतिरक्षकाची नीती तरी धड असावी की नाही?

या विषयावर मला राग येण्याला वाडवडिलांपासूनचे कारण आहे. माझे आडनाव दीक्षित. कोल्हापुरात माझ्या आजोबांचे नाव शाळेत घालताना ज्या मास्तरांनी ते इंग्रजीत लिहिले, त्यांनी ‘के’ नंतर ‘एस’, ‘एच’, ‘आय’, ‘टी’ ही चार अक्षरे लिहिली आणि पुढच्या तीन पिढ्यांचे वाटोळे केले. विमानाच्या तिकिटापासून ग्रंथालयाच्या कार्डापर्यंत, मुलीच्या शाळेच्या अर्जापासून गॅस जोडणीपर्यंत, या देशातल्या प्रत्येक चौकटीने मला कधी ना कधी अश्लील ठरवले आहे. पहिल्या नोकरीत माझ्याच कचेरीची टपाल-चाळणी माझी पत्रे तीन आठवडे रोखून धरत होती आणि माझा वरिष्ठ मला आळशी समजत होता. माझ्या धाकट्या भावाने शहाणपणा करून वेळीच ‘एक्स’ लावून घेतला आणि इतकी वर्षे प्रत्येक गणपतीत मला तो ऐकवला. काल रात्रीपासून मला थोडे समाधान आहे की त्याच्याही आडनावाच्या पहिल्या तीन अक्षरांवर आता पाळत आहे.

बरे, हा गेम नावांच्या बाबतीत इतका सोवळा असावा, यासारखा विनोद नाही. २००९ साली एड ओबॅनन या युसीएलए विद्यापीठाच्या जुन्या बास्केटबॉलपटूने स्वतःची हुबेहूब प्रतिमा बास्केटबॉलच्या गेममध्ये पाहिली, पैसे मात्र त्याला छदामही मिळालेले नव्हते, म्हणून तो कोर्टात गेला. तिथून जे रामायण सुरू झाले त्यात कॉलेज फुटबॉलचा गेमच बुडाला. जुलै २०१३ मध्ये शेवटचा निघाला आणि पुढचा थेट जुलै २०२४ मध्ये. मधली अकरा वर्षे आम्ही जुनी यंत्रे धूळ पुसून चालवली. त्या जुन्या गेममध्ये खेळाडूंना नावेच नसत. जॉनी मॅन्झिल हा हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, जिंकणारा पहिला फ्रेशमन (पहिल्याच हंगामातला खेळाडू), पण गेममध्ये हा पास फेकणारा गडी केवळ ‘क्वार्टरबॅक, क्रमांक २’. नावे आम्ही भरायचो, रात्र रात्र जागून, प्रत्येक संघाची, आणि तेव्हाच्या त्या मुक्या यंत्राने आमचे एकही नाव कधी परत केले नाही. २०२१ साली खेळाडूंना स्वतःचे नाव विकायचा हक्क मिळाला, नव्या गेममध्ये प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊन नावे रीतसर विकत घेतली गेली. नावासाठी पंधरा वर्षे भांडण चालले, आणि आता नाव लिहायला गेले की मजकूर अस्वीकार्य!

माझ्या संघातले सगळे खेळाडू २०१० ते २०१९ या दशकातले आहेत आणि त्याचे कारण हेच आहे. मी २००८ साली शिकायला कोलंबसला, ओहायो स्टेट विद्यापीठात, आलो, दोन वर्षांत हा खेळ माझ्या डोक्यात शिरला, आणि तो नेमका पुरता मुरला तेव्हा गेम बंद पडला. क्रिस्टियन मॅककॅफ्रीने २०१५ मध्ये सगळे मिळून ३,८६४ यार्ड काढून बॅरी सँडर्सचा १९८८ पासूनचा विक्रम मोडला, त्याच वर्षी डेरिक हेन्रीने २,२१९ यार्ड धावून हाइझमन नेला, पुढच्या वर्षी लमार जॅक्सनने जे केले ते तर अजून झोपेत दिसते. आणि या मंडळींना हातात कंट्रोलर घेऊन पळवायची सोय त्या काळात पृथ्वीतलावर कुठेही नव्हती. ती मीच करायची, असे मी जूनमध्ये ठरवले.

ठरवणे सोपे होते. कॅम न्यूटनचा क्रमांक २, मॅन्झिलचा २, हेन्रीचा २, आणि पलीकडे डिफेन्समध्ये चेस यंगचाही २. क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक एकाच क्रमांकाने एकाच वेळी मैदानात उतरू शकत नाहीत, तेव्हा हेन्रीला त्याचा पहिल्या वर्षाचा २७ द्यावा लागला, आणि ज्या वर्षी त्याने फारसे काही केले नव्हते त्या वर्षाची जर्सी घालून तो माझ्याकडे पाहतो तेव्हा मला अपराधी वाटते. बॅरेट जोन्सने अलाबामासाठी गार्ड, टॅकल आणि सेंटर अशा तिन्ही जागा खेळून २०११ मध्ये आउटलंड आणि २०१२ मध्ये रिमिंग्टन हे पुरस्कार जिंकले. गेमला त्याची एकच जागा हवी आहे. टॅकलचा सेंटर केला की त्याची किंमत अठ्ठ्याण्णववरून एक्क्याऐंशीवर येते, जणू बाजूच्या खुर्चीवर सरकल्याने माणसाच्या मनगटातले बळ जाते. ब्रॅक्स्टन मिलर क्वार्टरबॅक घ्यायचा की २०१५ चा रिसीव्हर घ्यायचा, यावर मी चार दिवस झोपलो नाही, आणि शेवटी दोन मिलर करू गेलो तर ‘हा खेळाडू आधीच अस्तित्वात आहे’ असे उत्तर आले. याला मात्र नावे ओळखता येतात!

बेकर मेफिल्ड माझ्या संघात नाही. २०१७चा हाइझमन त्याचा आहे, हे मला ठाऊक आहे, कृपया कोणी सांगू नये. त्याच वर्षी सप्टेंबरात ओक्लाहोमाकडून खेळत आम्हाला आमच्याच मैदानावर ३१-१६ असे हरवून त्याने मधोमध झेंडा रोवला तेव्हा मी वरच्या डेकवर बसलो होतो. दोन दिवसांनी त्याने माफी मागितली. मी ती स्वीकारलेली नाही. तीच गोष्ट जो बरोची, फक्त उलट्या बाजूने : आमच्यापासून दीड तासावरच्या, ओहायोतल्याच अथेन्सचा मुलगा, तीन वर्षे आमच्या बाकावर बसला, २०१८ मध्ये लुइझियानाला गेला आणि २०१९ मध्ये ६० टचडाउन पास टाकून पंधराच्या पंधरा सामने जिंकून आला. तो माझा पहिला क्वार्टरबॅक आहे. त्याचे आकडे भरताना माझा हात जड होतो. आणि २०१२ साली आमचे बाराच्या बारा सामने जिंकूनही खेळाडूंनी टॅटूंच्या बदल्यात आपल्या वस्तू दिल्याच्या प्रकरणाची शिक्षा म्हणून बोल, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, खेळायला बंदी होती, हे इथे लिहायचे कारण नव्हते, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तर पावणेदोन वाजता हिने दारात येऊन पाहिले. मी पडद्याला उद्देशून ‘हा माणूस पहिल्या फेरीत गेला होता’ असे ओरडत होतो. “अहो, आई जाग्या होतील,” एवढेच ती म्हणाली आणि दार लावून गेली. आई म्हणजे माझी आई, जी सध्या सहा महिन्यांसाठी आली आहे. मग मी पाणी प्यायलो आणि थोडा विचार केला. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. कामाच्या दिवशी सकाळी नऊला माझी बैठक असते. ज्या खेळाडूंची नावे फुकट वापरली म्हणून एवढी कोर्टबाजी झाली, त्यांतल्या चौऱ्याऐंशी जणांची नावे, उंची, वजन आणि चेहरेपट्टी मी सहा आठवडे बसून फुकट वापरली आहेत आणि सहाशे तर सोडाच, सहा डॉलरही कोणाला पाठवलेले नाहीत. पंचाऐंशीवा एकटाच माझ्या तावडीतून निसटत होता आणि त्याच्या हक्कांचे रक्षण करणारे यंत्र मला शत्रू वाटत होते. शिवाय तो अलाबामाचा. २०१५च्या पहिल्या दिवशी शुगर बोलमध्ये अलाबामा आमच्याकडून ४२-३५ असा हरला तेव्हा मी ज्या पद्धतीने नाचलो होतो ते पाहता, अलाबामाच्या चौथ्या सेफ्टीसाठी मी जागतो आहे हे माझ्या मित्रांना कळले तर ते मला मैदानाच्या वाहनतळातही उभे करणार नाहीत.

हा सगळा विवेक साधारण पाच मिनिटे टिकला. नंतर मी पुन्हा बसलो, पुन्हा तेच आडनाव टाइप केले, पुन्हा लाल रेघ आली, आणि माझा तोल गेला. माझे बालपण शुक्रवार पेठेत गेले आहे. तिथल्या तालमीच्या दारात मी जे शब्द शिकलो त्यांतला एक, ज्यात समोरच्याच्या व्यवसायाचा आणि कुळाचा एकत्रित उल्लेख येतो, तो मी आडनावाच्या चौकटीत रोमन लिपीत जसाच्या तसा, एकही अक्षर न गाळता टाइप केला आणि बटण दाबले.

हिरवी रेघ आली. ‘संघ जतन केला आहे.’

एकदा संघ गेममध्ये उतरवला की नावे बदलता येत नाहीत, हे मला उतरवल्यानंतर कळले. म्हटले, असू दे, चौथा सेफ्टी कोणाला दिसतो? आज शनिवार, म्हणून सकाळी पहिला सामना लावला. आई शेजारी चहा घेऊन बसली होती. किकऑफला चौथा सेफ्टी धावत जातो, हे मी सहा आठवड्यांत विसरूनच गेलो होतो. तो धावला, पहिल्याच किकला त्याने समोरच्याला पंधरा यार्डांवर असा आडवा केला की समालोचक खुर्चीतून उठले, आणि मग तो क्षण संथ गतीत, चार कोनांतून, पाठीमागून, जर्सीवरच्या अक्षरांवर कॅमेरा ठेवून पुन्हा दाखवण्यात आला. आईने चष्मा लावला आणि बोट फिरवत एकेक अक्षर वाचले.

“अरे,” ती म्हणाली, “हा मुलगा आपल्याकडचा आहे का?”