सर्टिफिकेट बाजूला ठेवा, आधी गोष्ट तपासा

ऑनलाइन लिलावातल्या जुन्या रेसिंगच्या वस्तूंबद्दल सध्या इनबॉक्समध्ये बरंच विचारलं जातंय. हेल्मेट, ग्लोव्हज, सही केलेल्या टोप्या, रॅलीत गाडीवर लावायच्या पाट्या. आणि बहुतेक मेसेजच्या शेवटी एकच वाक्य असतं: "भाऊ, सर्टिफिकेट आहे ना सोबत, मग काहून भ्यायचं?"

भ्यायचं यासाठी की जो माणूस सही खोटी करू शकतो, त्याला कागद छापणं जड नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकात एफबीआयने खोट्या सह्या विकणाऱ्या टोळ्या पकडल्या. 'ऑपरेशन बुलपेन' नावाने ती कारवाई गाजली. त्या मालासोबत सर्टिफिकेटंही रीतसर जोडलेली होती. मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल निघाले! कोलकात्यात बसून मदर बेसबॉलवर कशाला सह्या करतील, हा प्रश्न कुणाला पडू नये ही कागदाची करामत.

माझं म्हणणं एवढंच आहे की या बाजारात आपण वस्तूचे पैसे देत नाही, तिच्यासोबत आलेल्या गोष्टीचे देतो. जुना ग्लोव्ह म्हणजे कातडं आणि कापड. तो अमक्याने तमक्या शर्यतीत घातला होता, ही त्याची किंमत. मग तपासायची तर ती गोष्टच तपासायला हवी.

मध्यंतरी इथल्याच एका ओळखीच्या पोराने मला एक पाटी दाखवली. १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉन या मोटार रॅलीची प्लेट, विकणारा नागपूरचाच. सोबतची कहाणी झकास होती: रॅलीतली एक गाडी नागपूरजवळ बंद पडली, इथल्या मेकॅनिकने रातोरात दुरुस्त केली, ड्रायव्हरने खूश होऊन पाटी काढून दिली. ऐकायला छान वाटतं, आपल्या गावाचं नाव येतं, छाती फुगते. पण ती रॅली भारतात आली ती दिल्ली, आणि दिल्लीहून थेट मुंबई. मुंबईत गाड्या 'चुसान' जहाजावर चढल्या आणि ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरल्या. दिल्ली-मुंबई टप्प्यात घड्याळ लावलेलं असताना कोण शहाणा नागपूरला वळसा घालेल? इथला झिरो माइलचा खांब बघायला?

आता गंमत अशी की कहाणी खोटी म्हणून पाटी खोटी, असंही होत नाही. पाटी खरी असू शकते. मुंबईत कुणाला तरी मिळाली असेल, फिरत फिरत इथे आली असेल. पण मग भाव पाटीचा लावा, मेकॅनिकच्या त्या रात्रीचा नको. मी पोराला एवढंच सांगितलं की विकणाऱ्याला विचार, १९६८ पासून आजपर्यंत ही कुणाकुणाच्या घरात होती? विकणारा म्हणाला, "एवढं कोण लक्षात ठेवते?" झालं, तिथेच समजायचं.

गोष्टीनंतर वस्तू हातात घ्यायची, आणि इथे तारखा फार मदत करतात. खोटं करणाऱ्याला रंग जमतो, शिलाई जमते, पण सनावळीत तो हमखास घसरतो. जर्मन रेसर बर्न्ट रोझमायर जानेवारी १९३८ मध्ये वारला. बॉलपेन अमेरिकेतल्या दुकानात आलं १९४५ मध्ये. म्हणजे रोझमायरची बॉलपेनने केलेली सही कितीही देखणी असली तरी ती त्याची नाही. जगज्जेता रेसर फँजिओच्या काळातला म्हणून ओव्हरऑल विकायला आला आणि आत नोमेक्स या आगरोधक कापडाचं लेबल दिसलं, की पुढचं वाचूच नका. फँजिओ १९५८ मध्ये निवृत्त झाला आणि नोमेक्स रेसिंगमध्ये शिरलं साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी हे लोक सुती कपड्यात गाडी हाकत होते. मॅक्लारेन संघ आणि त्यांचा सिगारेटवाला प्रायोजक मार्लबोरो यांची सोबत १९९६ ला संपली. तरी मॅक्लारेनच्याच हॅकिनेनच्या १९९८ च्या जगज्जेतेपदाचा म्हणून मार्लबोरोचा बिल्ला शिवलेला सूट कुणीतरी विकतोच, आणि कुणीतरी घेतोच.

पोस्टरचं त्या मानाने सोपं आहे. मोनाकोच्या शर्यतीच्या, तीसच्या दशकातल्या पोस्टरांची पुनर्मुद्रणं ढिगाने आहेत. इतवारीच्या बाजारात नोटा तपासायला दुकानदार जो निळा दिवा ठेवतात, तो मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन आहे, आणि ते कागदात सर्रास आलं साधारण १९५० नंतर. भिंगातून छपाईचे ठिपके सारख्या ओळींत दिसले तर ती फोटोवरून केलेली नक्कल. न चमकणारा कागद म्हणजे अस्सलच असंही नाही, जुना कोरा कागदही विकत मिळतो.

खरी डोकेदुखी हेल्मेटची. कारण इथे खोटं आणि खरं यांच्यामध्ये एक मोठा पट्टा आहे. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेना, त्याचं पिवळं हेल्मेट रंगवायचा साओ पावलोचा सिद मोस्का. आता समजा हेल्मेटचा सांगाडा सेना वापरायचा त्याच कंपनीचा आहे, रंगही अस्सल कारागिराच्या हातचा आहे, पण ते बनलं प्रायोजकाच्या ऑफिसात काचेआड ठेवायला. त्यात खोटं काय आहे? काहीच नाही, फक्त ते कधी सेनाच्या डोक्यावर गेलं नाही. कॅटलॉगमध्ये 'ड्रायव्हरचं हेल्मेट' लिहिलंय की 'शर्यतीत वापरलेलं', यावर इथे किंमत कितीतरी पटींनी बदलते. लिलाववाले बहुतेक वेळा खोटं लिहीत नाहीत, ते फक्त पुढचा शब्द गाळतात. वाचणारा तो मनात भरून घेतो.

म्हणून आधी सांगाडा बघा. १९९३ ला सेना शोएई कंपनीचं हेल्मेट घालायचा, १९९४ ला विल्यम्स संघात बेल कंपनीचं. मान सांभाळणारं हान्स नावाचं उपकरण फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीचं झालं. त्याचे पट्टे हेल्मेटला दोन्ही बाजूंनी अडकवावे लागतात. शूमाकरचं २००४ चं 'शर्यतीतलं' हेल्मेट आणि बाजूला ते अडकवायची सोयच नाही? ते शोकेसमधलं. मग आतलं अस्तर, हनुवटीच्या पट्ट्याची झीज, रेडिओच्या वायरची जागा. सगळ्यात शेवटी त्या शर्यतीचे मोठे फोटो काढून ओरखडा न् ओरखडा जुळवायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही.

सूटचं तसंच. सीटबेल्ट खांद्यावर आणि कमरेवर घासतो, कॉलर हेल्मेटच्या कडेला घासते. झीज तिथे हवी. सगळीकडे सारखाच विटलेला सूट दिसला की मला संशय येतो. नवं कापड जुनं दाखवायला नागपूरकराला कारखाना लागत नाही, मे महिन्यातली गच्ची पुरते.

आणि एक चलाखी. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन वेटेलने जिंकल्या. आपल्याकडे त्याच्या सहीच्या टोप्या बऱ्याच फिरतात. सोबत शर्यतीचं खरं तिकीट, विकणाऱ्याचा स्टँडमधला खरा फोटो. या दोन्हींवरून एवढंच कळतं की हा माणूस तिथे होता. सही कुणाची, यावर तिकीट काय साक्ष देणार?

मोठी लिलावघरंही यातून सुटलेली नाहीत. २००७ मध्ये क्रिस्टीजने ऑटो युनियन टाइप डी ही जुनी जर्मन रेसिंग गाडी पॅरिसला विक्रीला ठेवली होती. ती गाडी नेमक्या कोणत्या शर्यती धावली यावर शंका निघाल्या आणि विक्री थांबली. गाडी जुनीच होती, अडलं ते इतिहासावर.

उलट बाजूचा किस्सा बेंटलीच्या 'ओल्ड नंबर वन'चा. १९२९ आणि १९३० ला फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेली गाडी. पुढे तिचं इंजिन बदललं, १९३२ ला इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर अपघातात चालक गेला, मग ती पुन्हा बांधली, बॉडीच बदलली. १९९० मध्ये एक कोटी पौंडांच्या सौद्यावरून प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. घेणारा म्हणाला, हिच्यात मूळचं उरलंय काय? न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की मूळचे भाग फारसे नसले तरी या गाडीचा इतिहास कुठे तुटलेला नाही, तेव्हा हीच ओल्ड नंबर वन.

मला हा निकाल पटतो. रेसची गाडी तुटणार, दुरुस्त होणार, तेच तिचं आयुष्य. पण हाच युक्तिवाद आता लोक हेल्मेटला लावतात, "अस्तर बदललंय, रंग नव्याने दिलाय, बाकी ओरिजिनल आहे." नाही चालत. आपटलेलं हेल्मेट दुरुस्त करून पुन्हा घालत नाहीत, बाजूला टाकतात. त्यावरचा मूळ रंग आणि आतला घाम हाच त्याचा इतिहास. तो खरवडला की उरतं फायबरचं भांडं.

खिसा आपल्यासारखा असेल तर सह्यांच्या मागे लागू नका. पास, कार्यक्रमपत्रिका, अधिकाऱ्यांच्या नोंदी, साधे फोटो घ्या. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवरच्या शर्यती, ऐंशीच्या दशकातली हिमालयन रॅली, यांचे कागद अजून रद्दीत जातात. तुमच्या घरातलं कुणी तिथे गेलं असेल, तर ते अल्बम मला दाखवा, विकायला सांगत नाही. फक्त फोटोमागे साल, ठिकाण आणि माणसांची नावं आजच लिहून घ्या, घरातल्या मोठ्यांना आठवतंय तोवर. आणि पेन्सिलने लिहा, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.