देवळालीत वेड्यांचं इस्पितळ नव्हतं

‘इंग्रजीत वेड्याला डूलाली म्हणतात, कारण ब्रिटिशांचं वेड्यांचं इस्पितळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत होतं. उन्हाने हजारो गोरे सैनिक तिथे वेडे झाले. त्यांच्या डोक्यावर टिचकी मारून बघत, म्हणून डूलाली टॅप. इंग्रजांनी आपल्या गावाची अशी बदनामी केली!’ हा मेसेज वर्षातून दोनदा तरी फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. त्यातलं गाव खरं आहे. बाकीचं एकेक करून बघू.

आधी इस्पितळ. देवळालीला १८६१पासून ब्रिटिश लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता. विलायतेहून नव्याने आलेले सैनिक इथे मुक्काम करायचे आणि मुदत संपलेले सैनिक परतीच्या बोटीची वाट बघत इथेच थांबायचे. लष्करी दवाखाना होता, लष्करी तुरुंगही होता. मनोरुग्णांचं वेगळं इस्पितळ मात्र नव्हतं. तसे रुग्ण दुसरीकडे पाठवत. मग ही कथा आपल्याला इतकी पटते का? मला वाटतं, आपल्या सवयीमुळे. आपण कुणाला ‘ठाण्याला पाठवा याला’ किंवा ‘येरवड्यात भरती करा’ म्हणतो, तेव्हा तिथे खरोखरच वेड्यांचं इस्पितळ असतं. त्याच हिशेबाने देवळालीतही एक बांधून टाकलं.

ऊन? मे महिन्यात दुपारी तापतं, नाही असं नाही. पण मुंबईकरांनी हवापालटासाठी सॅनेटोरियमं बांधली ती याच गावात. सैनिकाला पिडत होतं ते वेळापत्रक. सैन्य नेणाऱ्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच चालत. ज्याची मुदत मार्च उलटल्यावर संपली, तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत अडकला. नोकरी संपलेली, घर हजारो मैल लांब, हाताला धड काम नाही. मग दारू, मारामाऱ्या, गुप्तरोग, कुणाला तुरुंग, कुणाला मलेरिया. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाने १९३६ साली आठवणी छापल्या. विचित्र वागणाऱ्याला ‘डूलाली टॅप’ झालाय म्हणायची पद्धत या कॅम्पातल्या कंटाळ्यातून आली, असं तो लिहितो. तेही ‘मला वाटतं’ असं म्हणून. आपल्या मेसेजला मात्र कसलीच शंका नाही. हजारो वेडे झाले म्हणे. कुणी मोजले, ते लिहायचं राहिलंय.

आता टॅप, म्हणजे यातली खरी गंमत. टिचकीचा इथे काही संबंध नाही. हा आपला ताप आहे. फारसीत आणि हिंदुस्थानीत तप, संस्कृतात आणि मराठीत ताप. डूलाली टॅप म्हणजे देवळालीचा ताप. मलेरियाच्या तापात माणूस बरळतो, तेही त्यात आलं आणि बसून बसून डोकं फिरतं, तेही. ‘डोक्याला ताप’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला खरं तर हे समजावून सांगायला नको होतं!

‘देवळाली’चं ‘डूलाली’ कसं झालं, ते उच्चारून बघा. ळ इंग्रजी जिभेला जमत नाही, त्याचा ल झाला. कॅन्टोन्मेंटच्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘व’साठी व्ही नाही, ओ आहे, सैनिकाच्या तोंडात त्याचा ऊ झाला. रेल्वे स्टेशनच्या स्पेलिंगमध्ये मात्र व्ही आहे. तेच सगळीकडे असतं, तर शब्द कदाचित वेगळा झाला असता.

याच मेसेजची एक सुधारित आवृत्ती म्हणते की, शब्द बीबीसीच्या एका विनोदी मालिकेने जन्माला घातला. मालिका १९७४ची, तिची सुरुवात देवळालीच्या कॅम्पातच होते. पण १९२५ साली छापलेल्या सैनिक-खलाशांच्या बोलीच्या कोशात ‘डूलाली टॅप’ आहे. विषय संपला.

राहता राहिली बदनामी. ज्यांनी गाव कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या तोंडी शब्द गेला, तेव्हा त्यातला ‘टॅप’ गळाला. ताप उतरला, गाव राहिलं. अर्थही सैल झाला. आज ब्रिटनमध्ये एखाद्या आजीबाई विसराळूपणे चहात मीठ घालतात, नातवाचं डोकं सटकतं किंवा प्रिंटर एकाच कागदाच्या चाळीस प्रती काढत सुटतो, तेव्हा ‘डूलाली’ म्हणतात. बहुतेकांना हे गावाचं नाव आहे याचा पत्ताही नसतो. आणि मुळात हा शब्द गोऱ्या सैनिकाने दुसऱ्या गोऱ्या सैनिकाला चिडवायला काढलेला. देवळालीकर त्यात कुठेच नव्हते. याच सैनिकांनी आपल्या मायदेशाला ‘ब्लायटी’ म्हटलं, ते ‘विलायती’वरून. डूलालीत बसून ब्लायटीची वाट बघायची. दोन्ही शब्द इथूनच उचललेले.