थांबलेल्या राइडची भीती वाटत नाही, घाईनं सुरू केलेल्या राइडची वाटते

मे महिन्याच्या सुट्टीत घरचे सगळे एका मोठ्या पार्कात जाऊन आलो. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण जे बघितलं ते एकट्या त्यांचंच दुखणं नाही. पहाटे तीनला कोल्हापूर सोडलं होतं. रोलरकोस्टरच्या रांगेत तासभर उभं राहिल्यावर आमचा नंबर दोन फेऱ्यांवर आला आणि राइड बंद पडली. गाडी स्टेशनातच उभी, माणसं बसलेली, खांद्यावरचे हार्नेस लावलेले. स्पीकरवर सांगितलं, तांत्रिक अडचण आहे, सहकार्य करा. रांगेतून शिट्ट्या आणि "पैसे परत द्या" सुरू झालं.

राइड थांबल्याचं मला काही वाटलं नाही. पुढच्या दहा मिनिटांत जे झालं त्याचं वाटलं. ऑपरेटर वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्यानं रिसेट दाबलं, अलार्म परत आला. परत रिसेट, परत अलार्म. मग एक जण पाना घेऊन ट्रॅकखाली गेला, दोन मिनिटांत वर आला आणि अंगठा दाखवला. तिसऱ्या रिसेटला राइड सुटली, तीच माणसं बसलेली असताना. मोकळी फेरी मारली नाही, कुणी वहीत नोंद केली नाही, कुणी वरिष्ठ आला नाही. मी पोरीचा हात धरला आणि रांगेतून बाहेर पडलो.

"अहो, एवढ्या लांब आलोय, बसू दे की तिला," बायको म्हणाली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, एवढी माणसं बसल्यात, त्यांना काय कळत नाही व्हय?" पोरगी तर रडायलाच लागली. तिथं गर्दीत कुणालाच नीट समजावता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

मी बावीस वर्षं कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या कारखान्यांत पॅनेल आणि पीएलसीचं, म्हणजे मशिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या डब्याचं काम करतोय. फाउंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला, वाळूचा सँड प्लँट ज्या डब्यावर चालतो, तसल्याच डब्यावर रोलरकोस्टर चालतो. सेन्सरकडून खबर घ्यायची, प्रोग्रॅमप्रमाणे निर्णय करायचा, मोटर आणि ब्रेकला हुकूम सोडायचा. फरक एवढाच की तिथं वाळूच्या जागी माणसं असतात.

एकापेक्षा जास्त गाड्या पळत असतील तर ट्रॅकचे भाग पाडलेले असतात. त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, रेल्वेच्या सिग्नलसारखं. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधली मॅटरहॉर्न ही राइड १९५९ साली सुरू झाली, तेव्हापासून हे तत्त्व चालत आलंय. पुढचा ब्लॉक रिकामा असल्याची खात्री पटल्याशिवाय यंत्रणा मागची गाडी सोडत नाही. सेन्सरवर पाणी गेलं, वायर तुटली, दोन सेन्सरनी वेगवेगळं सांगितलं, तरी ती थांबते. बऱ्याच ठिकाणी ब्रेक असे बसवलेले असतात की हवेचा दाब असेपर्यंतच ते उघडे राहतात. दाब गेला की ब्रेक लागतो. म्हणजे शंका आली की थांबायचं, ही शिकवण त्या मशिनच्या हाडात घातलेली असते. आपण त्यालाच बिघाड म्हणतो.

इंग्लंडमध्ये आल्टन टॉवर्स पार्कात 'स्मायलर' नावाची राइड आहे. २ जून २०१५ ला तिथं काय झालं ते प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला पाठ असायला पाहिजे. त्या दिवशी चार गाड्या चालू होत्या, गर्दी वाढली म्हणून पाचवी जोडली. चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी वरपर्यंत न पोचता ट्रॅकच्या खोलगट भागात अडकली. कॉम्प्युटरला ते समजलं. त्यानं सोळा माणसं बसलेली मागची गाडी लिफ्टवर, म्हणजे गाडी वर ओढून नेणाऱ्या चढावर, थांबवून धरली. इंजिनिअर लोकांना वाटलं, सिस्टीम उगाच अडून बसली आहे, पुढं तर कुणीच नाही. त्यांनी ब्लॉकचा अडसर हातानं ओव्हरराइड केला, म्हणजे यंत्रणेला डावलून गाडी सोडली. भरलेली गाडी जाऊन रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींचे पाय कापावे लागले, आणखी कितीतरी जण जखमी झाले, लोकांना खाली उतरवायला काही तास लागले. चौकशीत निघालं की राइडमध्ये तांत्रिक दोष नव्हता. २०१६ साली कोर्टानं कंपनीला ५० लाख पौंड दंड केला.

कॉम्प्युटर बरोबर होता आणि माणसांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती, कारण हा अविश्वास मी रोज बघतो. महिनाभर एक सेन्सर खोटा अलार्म देत राहिला की ऑपरेटर अलार्म वाचायचाच सोडून देतो, थेट रिसेट दाबतो. हाताला ती सवयच लागते. मग एक दिवस खरा अलार्म येतो आणि त्यालाही रिसेट मिळतं.

जुन्या सिस्टीमचं खरं दुखणं मला इथं दिसतं. त्या पार्कातल्या ऑपरेटरच्या स्क्रीनवर खालच्या कोपऱ्यात हिरवं स्टार्ट बटण दिसत होतं. विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टनं तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला. पण निव्वळ ते बघून घाबरू नका. स्क्रीन फक्त दाखवायचं काम करते, गाडी सोडायचा निर्णय पीएलसी घेतो, आणि पंचवीस वर्षांचा पीएलसीसुद्धा इमानानं काम करतो. आमच्याकडे सीमेन्स कंपनीचे एस-५ पीएलसी अजून चालू असलेले कारखाने मी बघितलेत, १९७९ साली बाजारात आलेली मालिका ती.

पण त्या जुन्या डब्यात प्रोग्रॅम बऱ्याचदा बॅटरीच्या जोरावर टिकून असतो. एका फाउंड्रीत दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद केला आणि पाडव्यानंतर पीएलसी कोरा निघाला. बॅटरी कधीच मेली होती. बॅकअप एका फ्लॉपीत होता, फ्लॉपी वाचणारं मशिन नव्हतं, आणि ज्यानं प्रोग्रॅम लिहिला तो माणूस रिटायर होऊन गावी गेलेला. त्याला फोन लावून, जुन्या प्रिंटच्या कागदांवरून अकरा दिवस बसून तो प्रोग्रॅम परत उभा केला. ती फाउंड्री होती, अकरा दिवस थांबली. ऐन सुट्टीतली राइड अकरा दिवस थांबवायची हिंमत किती मालकांत आहे? पीएलसीचं नवीन सर्किट कार्ड मिळत नाही, म्हणून जुनं काढून पुसून परत बसवायचं. सेन्सरचा स्पेअर येईपर्यंत जंपर, म्हणजे सेन्सरला वगळणारी वायर, मारून ठेवायचा. "तात्पुरतं" म्हणून मारलेला तो जंपर मग तिथंच राहतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका शेडमधल्या दाब देणाऱ्या प्रेस मशिनला असा जंपर होता. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते. त्यातलं एक बटण पॅनेलमध्येच बायपास केलेलं. काम पटापट होत होतं. आठ महिने काहीही झालं नाही. नवव्या महिन्यात एकोणीस वर्षांच्या पोराची दोन बोटं गेली. मी तिथं पोचलो तेव्हा जंपरची ती लाल वायर अजून तशीच होती.

आपल्या जत्रेतल्या कोलंबसला आणि टोराटोराला तर कॉम्प्युटरही नसतो. एक माणूस, एक लिव्हर, आणि नटबोल्ट रोज तपासले जातात हा भरवसा. अहमदाबादच्या कांकरियात जुलै २०१९ मध्ये झोका तुटून खाली आला, दोघांचा जीव गेला. तिथं कुठला सेन्सर आडवा येणार? म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरच्या विरोधात बोलत नाहीय. थांबवणारी यंत्रणा असून तिला गप्प करणं मला सहन होत नाही.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. आज ही राइड किती वेळा थांबली, का थांबली आणि कुणी सुरू केली, हे गेटवरच्या फळ्यावर लिहा. माणसं बसलेली असताना सेन्सरला हात लागला तर आधी माणसं उतरवा आणि मोकळी फेरी मारा. रिसेटची किल्ली रांगेचा आरडाओरडा ऐकणाऱ्या पोराच्या हातात देऊ नका. आणि बंद राइडचे पैसे विनातक्रार परत द्या, म्हणजे थांबवणाऱ्याला साहेबाची भीती राहणार नाही. रांगेत शिट्ट्या मारणाऱ्यांनाही हात जोडून सांगतो, त्या केबिनमधल्या पोरावर आपणच दाब टाकत असतो.

परत येताना गाडीत पोरगी माझ्याशी बोलत नव्हती. किणी टोलनाक्याजवळ तिनं विचारलं, "पप्पा, आपण गेल्यावर ती राइड नीट चालली ना?"

चालली, म्हटलं. संध्याकाळपर्यंत चालू होती, मी बाहेर पडताना मुद्दाम बघून आलो होतो. मग तिला त्या प्रेसच्या आठ महिन्यांची गोष्ट सांगितली.