ज्यूल व्हर्न घरातून हललाच नाही म्हणे!

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. अकरा वर्षांचा ज्यूल व्हर्न (पुढे गाजलेला फ्रेंच कादंबरीकार) जहाजाने पळून जायला निघाला, वडिलांनी पकडून आणलं, तेव्हा त्याने शपथ घेतली, ‘यापुढे प्रवास फक्त कल्पनेत!’ मग जन्मभर फ्रान्सबाहेर पाऊल न टाकता त्याने निव्वळ कल्पनेने जगाची बिनचूक वर्णनं लिहिली.

आधी शपथ. ही गोष्ट पसरली ती त्याच्या नात्यातल्या एका बाईंनी लिहिलेल्या चरित्रातून. ते आलं १९२८ साली, म्हणजे व्हर्न वारल्यावर तेवीस वर्षांनी. अभ्यासक या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत.

फ्रान्सबाहेर पडलाच नाही? १८५९ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड, १८६१ मध्ये नॉर्वे, १८६७ मध्ये भावाबरोबर ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने न्यूयॉर्क आणि पुढे नायगारा. स्वतःच्या एकामागून एक तीन बोटी होत्या. त्यातल्या शेवटच्या बोटीने १८८४ मध्ये भूमध्य समुद्र पालथा घातला. १८८६ मध्ये पुतण्याने झाडलेली गोळी पायात लागली, त्यानंतर मात्र गडी घरी बसला.

निव्वळ कल्पना? छे. वर्तमानपत्रं, भूगोलाची नियतकालिकं, प्रवासवर्णनं वाचून टिपणं काढायची, हा त्याचा रोजचा उद्योग. न पाहिलेले देश त्याने असेच उभे केले. भारत त्यातलाच.

आता ‘बिनचूक’. त्याच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ या कादंबरीतली मुंबई काढा. मलबार हिल, घारापुरी, कान्हेरी ही नावं ओळीने येतात, पण तिचा नायक फॉग त्यातलं काहीच बघत नाही, सरळ स्टेशनात जाऊन जेवायला बसतो. लेखकाने शहर पाहिलेलं नाही, म्हणून नायकही बघत नाही. मला ही युक्ती फार आवडते. पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात आणि दोन हजार पौंडांना हत्ती घ्यावा लागतो. खरं तर मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता आणि कथा घडते १८७२ मध्ये. हे एक वेळ चालवून घेऊ, हत्तीशिवाय मजा कसली! पण नायिका औदा? ही मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, सर जमशेटजी जीजीभॉयांच्या नात्यातली, आणि बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी लग्न लावून, तो मेल्यावर तिला सती पाठवायला निघालेत! पारशी अग्नीला इतकं पवित्र मानतात की प्रेतसुद्धा त्याच्या स्वाधीन करत नाहीत. बोरीबंदरला उतरून पहिल्या भेटलेल्या पारशी बाबाला ही गोष्ट ऐकवली असती, तर त्याने व्हर्नला तिथेच चार शब्द सुनावले असते.