खानापूरच्या मशीनची गाडी कुमठ्याला का जाते?

२०२४ च्या लोकसभा निकालानंतर सुरू झालेला 'निवडणूक चोरीचे पाच पुरावे' हा मेसेज पुन्हा फिरतोय. आता तो राजकीय ग्रुपपुरता राहिलेला नाही. भिशीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर येतोय आणि घरातली मोठी माणसं तो खरा धरून बसली आहेत. त्यातले पाच 'पुरावे' थोडक्यात असे: खानापूरची मशीन रातोरात जिल्ह्याबाहेर नेली, मोबाईलवर ओटीपी घेऊन मशीन उघडतं, संध्याकाळनंतर टक्का फुगवला आणि पाच लाख मतं जास्त मोजली, १४ टक्के टेंडर मतं (आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल तर मिळणारी कागदी मतं) पडली की फेरमतदान होतं, आणि सीमाभागातली मराठी नावं यादीतून उडवली. शेवटी आवाहन: पुढच्या वेळी मशीनची गाडी गावाबाहेर जाऊ देऊ नका.

या आवाहनामुळेच लिहावं लागतंय, म्हणून सुरुवात गाडीपासून.

बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत आणि ते तीन लोकसभा मतदारसंघांत वाटलेले आहेत. आठ बेळगावात, आठ चिक्कोडीत, आणि उरलेले दोन, खानापूर व कित्तूर, उत्तर कन्नडमध्ये. मतमोजणी लोकसभा मतदारसंघाप्रमाणे होते, तालुका कुठल्या जिल्ह्यात आहे यावर नाही. म्हणून ७ मे २०२४ ला मतदान झाल्यावर बेळगावच्या आठ मतदारसंघांची मशीन टिळकवाडीत आरपीडी कॉलेजात गेली आणि खानापूरची मशीन मोजणीसाठी घाट उतरून उत्तर कन्नडमधल्या कुमठ्याला. ती जिल्ह्याबाहेर जाणारच. गेली नसती तर मोजणार कुठे?

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचं (मशीनच्या मतं साठवणाऱ्या भागावरचं) 'क्लोज' बटण दाबतो. त्यानंतर त्या मशीनमध्ये एकही मत टाकता येत नाही. मग मशीन पेटीत जाते, पेटीला पत्त्याचा टॅग आणि सील लागतं, त्यावर हजर असलेले उमेदवारांचे एजंटही आपलं सील लावू शकतात. गाडीला जीपीएस असतो, आणि उमेदवाराच्या माणसांना आपल्या गाडीने मागून जाता येतं. शंका असेल तर मागून जा. अडवू नका.

रस्त्यावर दुसरी एक गाडीही दिसते, आणि खरा घोळ तिथेच होतो. सेक्टर अधिकाऱ्याच्या जीपमध्ये राखीव मशीन असतात. एखाद्या बूथवरचं मशीन बिघडलं तर लगेच बदलून देता यावं म्हणून. त्यात मतं नसतात, आणि परत आल्यावर ती मतदान झालेल्या मशीनपासून वेगळ्या खोलीत ठेवतात. १० मे २०२३ ला, विधानसभेच्या मतदानादिवशी, शेजारच्या विजयपूर जिल्ह्यात मसबिनाळ गावी लोकांनी अशीच जीप अडवली. मतदान मध्येच थांबवून मशीन पळवताहेत अशी अफवा उठली होती. मशीन फोडली, अधिकाऱ्याला धक्काबुक्की झाली आणि २० हून अधिक जणांना अटक झाली. फोडलेली मशीन राखीव होती. मेसेज लिहिणारा जामिनाला येत नाही, गावातल्या पोरांची वर्षं कोर्टात जातात.

ओटीपीचं प्रकरण मुंबई उत्तर-पश्चिमचं. तिथे निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला आणि उमेदवाराच्या नातेवाइकाकडे मोजणी केंद्रात मोबाईल सापडला. मोबाईल आत नेणं हा नियमभंगच, त्यावर गुन्हाही नोंदला गेला. पण ओटीपी होता आकडे भरायच्या संगणक प्रणालीत लॉगिन करण्यासाठी. मतदान यंत्राला सिम नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. ज्या वर्तमानपत्राने ही बातमी दिली त्यानेच नंतर माफी मागितली, ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

मशीनबद्दल एकच गोष्ट वाचायची असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २६ एप्रिल २०२४ चा निकाल वाचा. सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर मशीनशेजारी छापून डब्यात पडणाऱ्या) मोजण्याची मागणी त्यात फेटाळली आहे, पण कारणं आणि आकडे देऊन. तोवर चार कोटींहून अधिक चिठ्ठ्या मशीनशी ताडून झाल्या होत्या. फरक निघाल्याचं एकच उदाहरण नोंदलंय, २०१९ चं, आंध्रातल्या मैदुकूरमधलं. कारण काय? सकाळची मॉक पोलची (चाचणी मतदानाची) मतं केंद्राध्यक्षाने पुसलीच नव्हती. मॉक पोलला किमान ५० मतं टाकतात, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणं याच क्रमाने दाबायची आणि व्हीव्हीपॅटच्या डब्यातल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. यातलं 'क्लिअर' राहिलं की संध्याकाळी ५० मतं जास्त दिसणार. एजंटने पहाटे साडेपाचला बूथवर असावं ते यासाठी.

त्याच निकालाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालानंतर सात दिवसांत खर्च भरून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के मशीनचे मायक्रोकंट्रोलर (आतली चिप) तपासून घेण्याचा हक्क दिला. छेडछाड सिद्ध झाली तर पैसे परत. शिवाय प्रत्येक विधानसभा क्षेत्रात सोडत काढून निवडलेल्या पाच बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतातच. बेळगाव लोकसभेत आठ क्षेत्रं, म्हणजे ४० बूथ. चिठ्ठ्यांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करतात, आणि फरक राहिलाच तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

आता टक्क्याचं. इथे निवडणूक आयोगाची चूक आहे आणि ती मान्य करायलाच हवी. २०२४ ला पहिल्या टप्प्याचे अंतिम टक्के यायला ११ दिवस लागले, आणि मतदारसंघवार प्रत्यक्ष मतांचे आकडे २५ मे ला आले, तेही गदारोळ झाल्यावर. संशयाला जागा आयोगाने स्वतः करून दिली. पण टक्का वाढतो कसा, हे सरळ आहे. सहा वाजता रांगेत असलेल्या सगळ्यांना, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून, क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात आणि त्यांचं मतदान संपेपर्यंत बूथ चालतो. २०२४ ला संध्याकाळचा आकडा फोनवरून कळवलेला अंदाज होता. कणकुंबी-जांबोटीच्या रानातल्या बूथवरून तो किती वेळेत पोचेल, हे तिकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. आणि 'पाच लाख जास्त' हे तर उलटंच आहे. एडीआर या संस्थेच्या विश्लेषणात ३६२ मतदारसंघांत मिळून ५,५४,५९८ मतं कमी मोजलेली दिसली, जास्तीची होती ३५,०९३.

ज्याला खरंच पडताळायचं आहे त्याच्यासाठी कागद आहे: फॉर्म १७-सी. एकूण मतदार किती, रजिस्टरवर सह्या किती, मशीनमध्ये मतं किती, टेंडर मतपत्रिका किती, कंट्रोल युनिटचा नंबर, कागदी सीलचे नंबर, सगळं त्यात असतं. त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटला देणं केंद्राध्यक्षावर बंधनकारक आहे. मोजणीच्या टेबलावर मशीन आलं की आधी हे नंबर जुळवायचे, मग 'टोटल' बटण. पण एजंट चार वाजता घरी जातो, प्रत घेत नाही, आणि महिनाभराने तोच माणूस मेसेज पुढे पाठवतो.

१४ टक्के टेंडर मतांचा नियम कुठेच नाही. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल तर नियम ४९-पी खाली कागदी मतपत्रिका मागा, ती मिळते. पण ती पाकिटात बंद राहते आणि सहसा मोजली जात नाही.

राहिली यादी, आणि यात तथ्य आहे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद मतदारसंघात नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले आणि तपासात त्यातले फक्त २४ खरे निघाले. ज्यांच्या नावाने अर्ज होते त्यांना पत्ताही नव्हता. म्हणजे घोटाळा करू पाहणाऱ्याने मशीनकडे नाही, यादीकडे हात घातला. फक्त मराठी नावंच हेरून काढली, याला मात्र मेसेजमध्ये एका बूथचाही पुरावा नाही. तुमचं नाव गेलं असं वाटत असेल तर यादी उघडून भाग क्रमांकासकट बघा. नाव वगळायचा अर्ज फॉर्म ७, नव्याने घालायचा ६, चूक किंवा पत्ता बदलायचा ८. नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथे नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. हे सगळं मतदानाच्या आधी करायचं. मतदानादिवशी बूथवर आवाज चढवून यादीत नाव येत नाही.