फिरणारी बाई बघून लेकराची साईड ठरवू नका

सध्या लातूर-नांदेडकडच्या पालकांच्या ग्रुपवर तो जुना व्हिडिओ परत फिरायलाय. काळ्या सावलीसारखी एक बाई एका पायावर गरागरा फिरते अन् खाली लिहिलंय की ती घड्याळाच्या काट्यासारखी फिरताना दिसली तर तुमचा उजवा मेंदू जोरात, म्हणजे तुम्ही कलाकार. उलटी दिसली तर डावा मेंदू, म्हणजे गणित-सायन्स. दोन्हीकडं फिरवता आली तर आयक्यू 160 च्या वर, आणि हे सगळं म्हणे अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिटीच्या 5 वर्षांच्या अभ्यासातून निघालंय. शेवटी भीती घालायला एक ओळ: छताचा पंखा उलटा फिरताना दिसत असेल तर मेंदूची नस कमजोर झालीय, वेळीच दाखवा.

असले मेसेज मी बघत पण नाही. पण उदगीरहून ताईचा फोन आला, "अरे ह्याला तर बाई घड्याळासारखीच दिसायली, मग सायन्सला टाकू का नको?" भाचा दहावी झालाय, गणितात चांगला आहे, आणि कुण्या क्लासवाल्यानं त्याच मेसेजखाली "राईट ब्रेन लेकरांसाठी स्पेशल बॅच" म्हणून फीसकट जोडलंय. म्हणजे आधी आजार सांगायचा अन् मग गोळी पण आपणच विकायची. म्हणून लिहायलो.

त्या बाईचं आधी बघू, कारण सगळा खेळ तिथंच आहे. हे चित्र 2003 साली नोबुयुकी कायाहारा नावाच्या जपानी वेब डिझायनरनं केलं. डॉक्टर नाही, मेंदूतज्ज्ञ नाही, डिझायनर. उजवा-डावा मेंदूचं शेपूट त्याला नंतर लागलं, 2007 ला ऑस्ट्रेलियातल्या एका पेपरच्या साईटवर ते टेस्ट म्हणून आलं आणि तिथून जे सुटलंय ते अजून थांबना.

बाई फक्त काळी सावली आहे. तिला नाक-डोळे नाहीत, अंगावर उजेड-सावलीचा फरक नाही, त्यामुळं पसरलेला हात तुमच्याकडं आलाय का पलीकडं गेलाय हे चित्रात कुठंच नाही. तेवढी माहिती तुमचा मेंदू स्वतःच्या मनानं भरतो आणि जशी भरेल तशी दिशा दिसते. खरं वाटत नसेल तर ती कोणत्या पायावर उभी आहे ते बघा. एका दिशेनं फिरताना दिसली की टेकलेला पाय डावा वाटतो, दुसरीकडं फिरली की तोच पाय उजवा. व्हिडिओ तोच, एक ठिपकासुद्धा बदललेला नसतो. वरचं सगळं तळहातानं झाकून फक्त पायाकडं बघत राहिलात तर बऱ्याच जणांची बाई आपोआप पलटते. भाच्याला फोनवरच करायला लावलं, थोड्या वेळानं ओरडला, "मामा, उलटी फिरायली!" आता काय, मिनिटभरात कलाकाराचा इंजिनिअर झाला का?

मग जास्त लोकांना ती घड्याळासारखीच का दिसते? ह्याचं उत्तर आहे आणि ते मेंदूच्या बाजूत नाही. 2010 मधे ट्रोये आणि मॅकअ‍ॅडम ह्या दोन संशोधकांनी आय-पर्सेप्शन नावाच्या जर्नलमधे ह्याच बाईवर काम केलं. चित्रातला कॅमेरा अगदी समोर नाही, थोडा तिरपा आहे. तुम्ही तिला वरून बघताय असं धरलं तर ती घड्याळासारखी फिरते, खालून बघताय असं धरलं तर उलटी. त्यांनी कॅमेऱ्याची उंची बदलून बदलून लोकांना दाखवलं, तर लोकांचा कल घड्याळाच्या दिशेकडं नव्हताच, वरून बघतोय असं धरण्याकडं होता. आणि ते साहजिक आहे, खालची वस्तू आपण जन्मभर वरूनच बघतो, जमिनीखालून कोण बघतंय. म्हणजे भाच्याला घड्याळासारखी दिसली ह्याचा अर्थ एवढाच की त्यानं तिला वरून बघितलं. ह्यावर अकरावीची साईड ठरवायची?

बरं, अर्धी गोष्ट खरी आहे, नाही म्हणत नाही. मेंदूच्या दोन बाजूंची कामं थोडी वेगळी असतात. बोलण्याचा भाग बहुतेकांच्या डाव्या बाजूला असतो हे ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1861 पासून दाखवलंय, आणि रॉजर स्पेरी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाला दोन बाजूंवरच्या कामासाठी 1981 ला नोबेल मिळालं. पण त्यावरून हा माणूस डाव्या मेंदूचा अन् तो उजव्या असं निघत नाही. 2013 ला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या लोकांनी हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले, अख्खी एक बाजू जास्त चालणारा माणूस असा प्रकार काही सापडला नाही.

आता पंख्याची नस. हे वाचून माझं डोकं जास्त फिरलं, कारण घरात म्हातारी माणसं असतात, ती घाबरतात. मोबाईलवर पंख्याचा व्हिडिओ काढा, पाती उलटी फिरताना दिसतील. आता हिशोब करा. पंखा मिनिटाला 360 फेरे मारतो असं धरा, म्हणजे सेकंदाला 6. मोबाईल सेकंदाला 30 फोटो घेतो, म्हणजे दोन फोटोंच्या मधे पातं 72 अंश पुढं जातं. पण पाती तीन, एकमेकांपासून 120 अंशावर, सगळी सारखीच. त्यामुळं पहिलं पातं 72 अंश पुढं गेलं तेव्हा मागचं पातं पहिल्याच्या जुन्या जागेच्या फक्त 48 अंश मागं येऊन थांबलेलं असतं. डोळा जवळचं पकडतो आणि म्हणतो, पातं 48 अंश मागं आलं. रेग्युलेटर एक पॉईंट कमी-जास्त करा, कधी थांबल्यासारखा दिसेल, कधी सरळ. नस कमजोर असती तर रेग्युलेटरनं बरी झाली असती का? जुन्या चोकवाल्या ट्यूबलाईटखाली नुसत्या डोळ्यांना पण असं होतं, कारण आपली वीज 50 हर्ट्झची, ती ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते.

आयक्यू 160 वर काय बोलायचं, पलटायला शिकवलं की कुणीही पलटवतो, मग अख्खा ग्रुप जीनियस. अभ्यासाचं पण तसंच, ना लेखकाचं नाव ना साल. आणि त्याच ग्रुपवर दुसरं एक फिरतंय, "जपानी न्यूरोलॉजिस्टचं चित्र, हललं तर तुम्हाला टेन्शन". ते 2016 ला युरी पेरेपाद्या ह्या युक्रेनच्या डिझायनरनं कॉम्प्युटरवर काढलेलं आहे, आणि ते बहुतेक सगळ्यांनाच हलताना दिसतं.

ताईला सांगितलं, फीस भरू नको, पोराला काय आवडतं ते पोरालाच विचार. क्लासवाल्याला ग्रुपवर विचारलं की तुम्हाला स्वतःला कोणत्या दिशेनं दिसायली, तर साहेबांनी मेसेज डिलीट केला.